दोन डाय आणि गुरुवारचा प्रश्न

सुध्या,

तुझा तेरावा आधी झाला आणि अंत्यसंस्कार नंतर. हसू नकोस. क्रेमेटोरियमचा स्लॉटच सतराव्या दिवशीचा मिळाला, आणि शुभदावहिनी म्हणाल्या, तेराव्याचं जेवण मी काही पुढे ढकलणार नाही. त्यामुळे तू तिकडे शीतपेटीत आणि आम्ही इकडे लेस्टरला तुझ्या डायनिंग टेबलावर वरण-भात आणि श्रीखंड. परवा एकदाचं ते उरकलं. आज लिहायला बसलोय, कारण तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. खरं म्हणजे एकदा सांगितली होती. पण ती सांगितल्यात धरायची की नाही याची मला शंका आहे, आणि शंका हा तर माझा धंदा. तू हाडांचा सर्जन, मी पॅथॉलॉजिस्ट. तू छाती ठोकून सांगायचास आणि मी काचपट्टीवर ठेवून बघायचो.

गेलं दीड वर्ष तू दर गुरुवारी मला विचारायचास, "टिप्या, पोलिसांना कोणी सांगितलं असेल रे?" आणि दर गुरुवारी मी खोटं बोलायचो. त्याबद्दल लिहायचंय. पण सगळं सुरू झालं ते डायवरून, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. वहिनी हे वाचणार आहेत, तुझ्या लेकीला, रेवालाही त्या वाचून दाखवतील, त्यामुळे तुला पाठ असलेलं थोडं पुन्हा सांगावं लागेल. तेवढं सहन कर.

रायफल उडाली की पितळेची पुंगळी आत फुगते आणि त्या रायफलीच्या घराच्या मापाची होते. आपल्या नेमबाजीच्या क्लबात सगळे तिला ब्रास म्हणतात, आपण दोघं पहिल्यापासून पुंगळी म्हणत आलो. तीच पुंगळी पुन्हा भरून वापरायची तर आधी तिला आवळून मापात आणावं लागतं. त्यासाठी पोलादी साचा असतो, ती डाय. प्रेसचा दांडा खाली ओढला की पुंगळी डायमध्ये शिरते आणि आवळून बाहेर येते. डाय मुख्यतः दोन तऱ्हांच्या. एक नुसती मान आवळते, गोळी धरून ठेवण्यापुरती. दुसरी फुल लेंग्थ, ती सगळं अंग आवळते आणि खांदाही मागे सारते. नेम अचूक लागायला यातली कुठली घ्यावी, यावर आपण तीस वर्षं भांडलो.

तू मान-वाला. "जी पुंगळी माझ्याच रायफलीत बसून तिच्या मापाची झाली, तिला पुन्हा चिरडायचं कशाला? टेलरकडून मापाचा ब्लाउज शिवून आणायचा आणि घरी येऊन उसवायचा, असलं तुझं शास्त्र." मी म्हणायचो, मानच आवळत राहिलास तर चार-पाच खेपांनंतर रायफलीचा बोल्ट तळहाताने ठोकून बंद करावा लागेल, आणि ठोकाठोकी करणाऱ्याने अचूकपणाच्या गप्पा मारू नयेत. सगळं अंग आवळ, पण मोजून. खांदा दोन थाऊ मागे, बस्स. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दोन. त्यावर तुझं ठरलेलं उत्तर, "मान आणि खांदा हा माझा प्रांत आहे, टिप्या. तू जा तुझ्या बरण्यांकडे."

एका बाबतीत मात्र आपलं एकमत होतं. डाय कॅटलॉगमध्ये बघून घ्यायची नाही. आधी आपल्या रायफलीत उडालेल्या पुंगळ्या मोजायच्या, मग त्यांना कमीत कमी दाबेल अशी डाय शोधायची. "पेशंट न बघता इम्प्लांटचा साइझ सांगतो का कोणी?" असं तू नव्या मेंबरांना सुनवायचास. आपला क्लबचा सेक्रेटरी कॉलिन तेव्हा मागे उभा राहून डोळे फिरवायचा. आयुष्य मोज्यांच्या फॅक्टरीत मशिनं दुरुस्त करण्यात गेलेला तो माणूस, त्याला आपल्यासारखे बोलघेवडे डॉक्टर म्हणजे करमणूक होती.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात रेंजवर पुंगळ्या गोळा करताना तुझी एक माझ्या डब्यात आली. तुझ्या पुंगळ्यांवर लाल ठिपका असायचा, माझ्या पुंगळ्यांवर निळा. घरी येऊन बघतो तर तुझ्या पुंगळीच्या बुडाशी एक चकचकीत वळं. माझ्या मनात पाल चुकचुकली. असं वळं खांदा फार मागे रेटला गेला की येतं. पुंगळी दर बारीला ताणली जाते, बुडाशी पातळ होत जाते आणि एक दिवस तिथेच फाटते, नेमकी तुमचा गाल रायफलीला टेकलेला असताना. पण तू तर खांद्याला हातही न लावणारा! मग वळं आलं कुठून?

मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही. ती पुंगळी मी उभी कापली. गॅरेजमध्ये, हॅकसॉने. मग पॉलिश करून लेन्सखाली धरली. चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय. आतून भिंतीला खाच पडलेली स्पष्ट दिसत होती. आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं, सापडला चोर. क्लबात मानेचे गोडवे गातो आणि घरी शेडमध्ये गुपचूप फुल लेंग्थ वापरतो. त्या वर्षी तुझा नेम माझ्यापेक्षा बरा लागत होता, त्याचंही कारण मला मिळालं असं वाटलं. तीस वर्षांचा वाद मी जिंकलो होतो. तुला तोंडघशी पाडायला मी पुढच्या गुरुवारपर्यंत कसाबसा थांबलो.

गुरुवारी तुझ्याकडे आलो. वहिनी बेलग्रेव्ह रोडला भाजीला गेल्या होत्या. तू चहा टाकायला किचनमध्ये गेलास आणि मी चोरासारखा शेडमध्ये शिरलो. प्रेसमध्ये फुल लेंग्थ डाय बसवलेली होती. नवी कोरी, आणि शेवटपर्यंत खाली पिळलेली, दोन थाऊ नाही आणि दहा थाऊ नाही, धाडकन खाली. तू दोन मग घेऊन आलास. मी म्हटलं, "काय हो, मान-वाले डॉक्टर, हे कोणाचं?"

तू बघितलंस आणि म्हणालास, "तुझीच असणार. मला शेंडी लावतोस होय रे?"

मला वाटलं, काय नट आहे हा! मी तुझी वही उघडली. लोडिंगची प्रत्येक गोष्ट तू त्या वहीत लिहायचास, सर्जन असताना ऑपरेशनच्या नोट्स लिहायचास तशी. तिथे एकाच दिवशी, एकाच वीस पुंगळ्यांच्या पुढे दोन ओळी होत्या. पहिली, "मान आवळली." दुसरी, "फुल लेंग्थ केली." खाली पुन्हा, "मान आवळली." त्याच वीस. मी बोट ठेवून दाखवलं. तू चष्मा वर करून वाचलंस. मग माझ्याकडे अशा नजरेने बघितलंस की तशी नजर मी तुझ्या डोळ्यांत कधी बघितली नव्हती. म्हणालास, "माझं अक्षर हुबेहूब काढलंयस. पण का, टिप्या?"

तेव्हा मला कळलं की तू लबाडी करत नव्हतास.  मी तुझ्यावर संशय घेतला होता तो अगदी चुकीच्या गोष्टीचा.

घरी येऊन मी खूप विचार केला. तुला म्हटलंही, "सुध्या, जीपीकडे जाऊन ये, मेमरीचं बघून घे." तू उडवून लावलंस. "सत्तरीनंतर चष्मा विसरला नाही तर माणूस आजारी समजावा." पुढच्या दोन-तीन शनिवारी मी रेंजवर तुझ्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. तू एकदा भरलेली रायफल घेऊन मागे वळलास, तिकडून कुणी हाक मारली म्हणून. कॉलिन केवढ्याने ओरडला! सगळ्यांसमोर तुला झापलं त्याने. तू रागाने लाल. मी मात्र बघत होतो की आपण कशावर चिडलोय हेच दहा मिनिटांनी तुला आठवत नव्हतं.

तुझ्या सर्टिफिकेटचा मी रेफरी होतो. रायफल ठेवायला हा माणूस योग्य आहे असं ओळखीच्या दोघांनी सांगावं लागतं, त्यातला एक मी. माझी सही होती तिथे. तुझ्या कपाटात भरलेली काडतुसं होती, कुठली किती वेळा आवळलेली हे तुलाच ठाऊक नाही. एखादी फाटली असती तर पहिला डोळा तुझा गेला असता, आणि शेजारच्या लेनमध्ये दर शनिवारी कुणी ना कुणी असायचंच.

मी पोलिसांच्या लायसेन्सिंग ऑफिसला फोन केला आणि जे बघितलं ते सगळं सांगितलं. तिकडची बाई फार सौजन्याने बोलत होती. तिने विचारलं, तुमचं त्यांच्याशी नातं काय? मी म्हटलं, मित्र. ती म्हणाली, हे करणं सोपं नसणार. मी पटकन फोन ठेवला.

तुला आधी का नाही सांगितलं? हे मी स्वतःला रोज विचारतो. मी कारण शोधून ठेवलं होतं की तू ऐकलं नसतंस. पण खरं कारण वेगळं आहे. मला तुझी भीती वाटायची. तू समोर बसलास की मी हरतो, सुध्या. कॉलेजपासून. मी खरा असलो तरी हरतो. तू मला असं काही बोलला असतास की मी फोन केलाच नसता. म्हणून मी तुझ्या पाठीमागून केला.

दोन आठवड्यांनी पोलीस आले. दोघे. बूट दारात काढले म्हणे. वहिनींनी चिवडा दिला, तो त्यांनी दोनदा घेतला. रायफल नेली, काडतुसं नेली, बारूदाचे डबे नेले. संध्याकाळी तुझा फोन. "आपल्या घरात पोलीस, टिप्या! मी या देशात लोकांचे गुडघे बसवले आणि माझ्या घरात पोलीस! कोणी सांगितलं असेल रे?" आणि मग, "तू नाहीस ना?"

"वेडा झालास का?" मी म्हटलं.

इतक्या सहजपणे निघालं ते तोंडातून.

डाय, प्रेस आणि रिकाम्या पुंगळ्या ठेवायला परवाना लागत नाही, त्यामुळे तुझी शेड तशीच राहिली. मग आपले गुरुवार तिथेच जाऊ लागले. मी आइस्क्रीमच्या डब्यात माझ्या वीस पुंगळ्या घेऊन यायचो, निळ्या ठिपक्याच्या. तू ॲप्रन घालायचास, दोन्ही डाय समोर ठेवायचास आणि विचारायचास, "आज काय, मान की फुल?" की आपला वाद नव्याने सुरू. तुझ्यासाठी अगदी नवा. ब्लाउजचा मुद्दा तू दर आठवड्याला पहिल्यांदाच सुचल्यासारखा काढायचास आणि स्वतःच खूश व्हायचास. एकदा मला कंटाळा आला आणि मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं. मानच आवळ." तू हातातली डाय खाली ठेवलीस. "आज इतका गोड का बोलतोयस? काय लपवतोयस माझ्यापासून?"  तुझं सगळं गेलं होतं, पण माझी नाडी बरोबर सापडत होती.

आणि त्या पुंगळ्यांचं मी काय करायचो तेही ऐकून घे. तू आवळलेली एकही पुंगळी मी पुन्हा भरली नाही. घरी नेऊन भंगाराच्या बादलीत टाकायचो आणि पुढच्या गुरुवारी दुसऱ्या वीस आणायचो. तू विचारायचास, "मागच्या लॉटचा ग्रुप कसा आला?" मी म्हणायचो, "सगळी भोकं एका पेनीच्या नाण्याखाली झाकली जातील इतका." तुझा चेहरा असा फुलायचा! यातलं खोटं मला कधी टोचलं नाही. ते दुसरं टोचायचं.

कारण चहा झाला की तो प्रश्न यायचाच. तू संशयितांची यादी करायचास. शेजारी, कारण त्याच्या मांजराला तू एकदा हाकललंस. जीपी. चिवडा खाणारा तो पोलीस स्वतः. कॉलिन, कारण त्याने तुला झापलं होतं, आणि गंमत म्हणजे ते झापणं तेवढं तुला आठवत होतं. आणि शेवटी मी. "तू नाहीस ना, टिप्या?" माणसाला एकदा खोटं बोलावं लागतं आणि मग तो ते निभावतो. मला तू दर सात दिवसांनी नव्याने खरं बोलायची संधी द्यायचास, आणि मी दर सात दिवसांनी ती घालवायचो. कितीदा, ते मोजायची हिंमत नाही.

एकदा नाही घालवली. मार्च असावा. तू त्या दिवशी फार छान होतास. रेवाचा लंडनमधल्या स्टॅनमोरहून फोन आला होता, तू तिच्याशी व्यवस्थित बोललास, तिच्या मुलाचं नावही बरोबर घेतलंस. मला वाटलं, आज. तू विचारलंस आणि मी म्हटलं, "मी. मी फोन केला, सुध्या." तुझा हात प्रेसच्या दांड्यावर होता. तू माझ्याकडे बघितलं नाहीस.  मग म्हणालास, "आधी मला सांगायचंस." एवढंच. उरलेल्या अकरा पुंगळ्या तू एकेक करून आवळल्यास, डबा माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "आज चहा नको. जा तू." वहिनी नंतर म्हणाल्या, त्या दिवशी तू जेवला नाहीस.

पुढचा गुरुवार. मी तुझ्या दारात पाच मिनिटं उभा होतो, बेल न वाजवता. तू खिडकीतून बघितलंस आणि स्वतः दार उघडलंस. "ये, ये टिप्या! आज काय, मान की फुल?" सगळं पुसलं गेलं होतं. मला हायसं वाटलं, याची मला लाज वाटते. चहा झाल्यावर तू विचारलंस, "कोणी सांगितलं असेल रे?" मागच्या आठवड्यातली तुझी ती खाली घातलेली मान माझ्या डोळ्यांसमोर आली. ती मला पुन्हा बघायची नव्हती. आणि मी म्हटलं, "कॉलिन असेल."

तोपर्यंत मी फक्त कानावर हात ठेवत होतो. त्या दिवसापासून मी निरपराध माणसाचं नाव घ्यायला लागलो. तू खूश झालास. "मला वाटलंच होतं!" म्हणालास. पुढे मी तेच उत्तर देत राहिलो, कारण त्याने तुझं समाधान व्हायचं आणि आपण डायकडे वळायचो. ख्रिसमसला कॉलिन तुला भेटायला आला तेव्हा तू त्याला दारातून परत पाठवलंस. मी आत सोफ्यावर बसलो होतो. मला त्याचा आवाज ऐकू आला, "नो बॉदर, मी डक." इथले जुने लोक प्रेमाने कुणालाही मी डक, म्हणजे 'माझ्या बदका', म्हणतात, तसं. मी उठलो नाही.

म्हणून परवा क्रेमेटोरियममध्ये तो मागच्या रांगेत दिसला तेव्हा मी चरकलो. हा कशाला आला? सगळ्यांसमोर मला विचारणार की काय? मग काल वहिनींनी त्याला शेड आवरायला बोलावल्याचं कळलं, आणि माझ्यातला पॅथॉलॉजिस्ट लगेच जागा झाला. मला वाटलं, याचा डोळा तुझ्या प्रेसवर आहे. त्या मापायच्या मायक्रोमीटरवर आहे. मी मुद्दाम अर्धा तास लवकर जाऊन बसलो. रेवा होती तिथे, डोळे सुजलेले. तिच्या इथल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "काका, बाबाचा मशीन आणि ती सगळा सामान कोणाला द्यायची?" मी म्हटलं, बघू.

कॉलिन आला. त्याने कशालाही हात लावला नाही. तुझ्या स्टुलावर बसला आणि दोन्ही डायकडे बघत राहिला.  मी म्हटलं, "कॉलिन, तुला एक सांगायचंय. सुधीर तुझ्यावर चिडला होता ते..."

"पोलिसांचं?" तो म्हणाला. "माहितीये. तो मला दर गुरुवारी सकाळी फोन करायचा. तू यायच्या आधी."

मला हे ठाऊकच नव्हतं. तुलाही नसेल.

तो म्हणाला, "पहिल्यांदा त्याने विचारलं, कॉलिन, तू सांगितलंस का? मी नाही म्हटलं. मी नव्हतोच.   मग म्हणाला, म्हणजे टिप्याच असणार. आणि रडायला लागला. मी सुधीरला वीस वर्षं ओळखतो, मला काय करावं कळेना. पुढच्या गुरुवारी पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न. मी म्हटलं, हो, मीच. त्यानंतर जे काही ऐकलंय मी! निम्मं तुमच्या भाषेत. आणि शिव्या देऊन झाल्या की एकदम खुशीत, चला, ठेवतो, आज टिप्या येणार आहे."

"दर आठवड्याला?" मी विचारलं.

"बहुतेक."

"पण का?"

त्याने खांदे उडवले. "माझ्याकडे तो चहाला येत नव्हता, मी डक. त्याला गुरुवारी कुणीतरी हवं होतं, आणि ते तू होतास."

मी विचारलं, मी फोन केला हे तुला कधी कळलं? तो म्हणाला, "पोलीस आले त्याच दिवशी. त्याच्याकडे इतक्या जवळून बघणारा दुसरा होता कोण?"

सुध्या, मी तुझ्या शेडमध्ये त्या इंग्रज माणसासमोर मोठमोठ्याने रडलो. वहिनी धावत आल्या. "अहो भाऊजी, काय झालं?" मी त्यांनाही सगळं सांगितलं, फोनचं, कॉलिनचं नाव घेतल्याचं, सगळं. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "गॅस चालू ठेवून हे फिरायला गेले होते, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी कुणाला बोलले नाही. तुम्ही बोललात, भाऊजी." आणि कॉलिनला विचारलं, तो दुपारचं जेवला आहे का. तो आत जाऊन तुझ्या खुर्चीवर बसला आणि आमटी-भात जेवला, चमच्याने, सावकाश. ख्रिसमसला तुझ्या दारातून परत गेलेला माणूस. मी त्याच्यासमोर बसून त्याला वाढत होतो.

मला अजून तुझा राग येतो. तू मला सोडून बाकी सगळं विसरलास, हे काय वागणं? माझ्यासारख्या संशयी माणसावर इतका भरवसा ठेवायचा असतो का? कॉलिनला फोन करून तू शहानिशा करायचास, ती फक्त माझं नाव येऊ नये म्हणून. आणि मी शेजारच्या खोलीत बसून कॉलिनला दारातून जाऊ दिलं.

मानेचं म्हणशील तर तू चुकला होतास. शेवटचं सांगतो. सगळं अंग आवळायचं, खांदा दोन थाऊ मागे. पण तुझ्याशी भांडताना जे वाटायचं ते मला आता कुठल्याच डायपाशी वाटणार नाही. तुझ्यामुळे मी या परक्या देशात तीस वर्षं कधी एकटा पडलो नाही. हे तुला कधी म्हटलं नाही, कारण तू लगेच विचारलं असतंस की काय लपवतोयस.

लपवत होतोच. तर नीट ऐक. पुंगळी कापली मी. फोन केला मी. तुला आधी सांगितलं नाही, कारण मी घाबरलो. कॉलिनने काही केलं नव्हतं, त्याचं नाव मी घेतलं. मी होतो, सुध्या. आता तरी विसरू नकोस.